तिव्याच्या मागावर चार दिवस

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या रविवारी फोनवर रेवाने विचारलं, "आजी, या वर्षी तू कुठे फिरायला गेलीस?" मी म्हणाले, "लोणी काळभोरला." मागून तुमच्या बाबांचं हसू ऐकू आलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. कर्वेनगरहून लोणी काळभोर दीड तासावर आहे, आणि त्यातला निम्मा वेळ हडपसरमध्येच जातो. पण मी तिथे चार दिवस राहिले, आणि आल्यापासून मला वाटतंय की आजवरच्या सगळ्या सहलींपेक्षा लांब जाऊन आले. म्हणून सगळं नीट, वारांप्रमाणे लिहून पाठवते. आईकडून वाचून घ्या.

आधी पल्लवीविषयी. ती आपल्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. भंडाऱ्याकडची आहे, जनावरांची डॉक्टर आहे आणि गेली तीन वर्षं एका रोगाचा अभ्यास करते आहे. त्याला आपल्याकडे तिवा म्हणतात, कारण तो तीन दिवसांत येऊन जातो. पहिल्या दिवशी गाय एकाएकी तापते, थरथरते, दूध आटतं. दुसऱ्या दिवशी पाय धरतात. बसली तर उठता येत नाही. तिसऱ्या दिवशी बहुतेक गाई आपल्या आपण उठतात आणि चाऱ्याला तोंड लावतात. डास आणि चिलटं हा ताप एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतात. माणसांना तो होत नाही, हे इथेच सांगते, म्हणजे तुमची आई पुढचं शांतपणे वाचेल.

पल्लवीची अडचण अशी की या तापाचा विषाणू जिवंत हाती लागायचा, तर ताप चढत असतानाच रक्त घ्यावं लागतं. शेतकरी फोन करतात ते गाय बसल्यावर. तोवर शरीराने त्याला पुसून टाकायला सुरुवात केलेली असते. दोन पावसाळे ती मोटारसायकलवरून गावोगाव धावली आणि प्रत्येक वेळी उशिरा पोचली. या पावसाळ्यातही चढत्या तापाचं रक्त मिळालं नाही तर विषय बदलायचा, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. म्हशीचं रक्त मिळालं तर सोन्याहून पिवळं, असंही ती म्हणाली, कारण म्हशीला तिवा हलका होतो आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत निघून जातो.

म्हणून तिने ठरवलं, की धावायचं नाही. जिथे तिवा येणार असं वाटतं तिथे आधीच जाऊन बसायचं. लोणी काळभोरच्या एका वस्तीवर नुकतीच एक गाय आजारी पडून उठली होती. शेजारच्या गोठ्यात राहायची परवानगी मिळाली. बरोबर येणारी मुलगी आयत्या वेळी तापाने पडली, माणसांच्या तापाने. नोंदी लिहायला कुणीतरी हवं होतं. सारा जन्म मी कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लिहिण्यात घालवला. मी म्हटलं, "मी येते." पल्लवीने माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "या न आजी," ती म्हणाली, "पण तिथं पलंग नाही."

सोमवार

सोलापूर रस्ता सोडून गाडी आत वळली आणि आवाज एकदम मागे राहिला. दोन्ही बाजूंना ऊस, मधून ओली वाट, आणि वाटेला लागून कालवा. मी कालव्याकडे बघत बसले. हे पाणी खडकवासल्याहून येतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळालाही तेच येतं. एकाच तळ्यातून निघालेलं पाणी माझ्या घरी भिंतीच्या आत, अंधारात, नळीतून धावत येतं. आणि इथे ते आभाळ अंगावर घेऊन, कडेच्या गवताला हात लावत, रमतगमत चाललं होतं. इतकी वर्षं ते पाणी पिऊन मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता.

घर कौसल्याबाईंचं. माझ्याच वयाच्या, पण ताठ. मुलगा ट्रक घेऊन परराज्यात गेलेला. घरी त्या आणि त्यांची सून रूपाली. गोठ्यात चांदणी नावाची काळीपांढरी संकरित गाय, तिची कालवड, आणि मैना नावाची म्हैस. मैना इतकी काळी होती की गोठ्याच्या सावलीत नुसते तिचे डोळे आणि ओलं नाक दिसे.

"ह्या बी डाक्टर का?" कौसल्याबाईंनी माझ्याकडे बघून पल्लवीला विचारलं.

"नाही, मी लिहिणारी," मी म्हणाले.

"बरं हाय. एक टोचनार, एक लिव्हनार."

चहा आला. आपल्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, घेणार का, आणि विचारण्याच्या सुरावरून पाहुण्याने काय ते ओळखायचं असतं. इथे कुणी विचारलं नाही. कप हातात आला तेव्हाच कळलं की चहा होता, गुळाचा.

संध्याकाळी पल्लवीने शेवग्याच्या फांदीला सापळा टांगला. एक लहानसा जांभळा दिवा, त्याखाली पंखा, पंख्याखाली साबणाच्या पाण्याचं भांडं. चिलटं दिव्याकडे येतात, पंखा त्यांना खाली ओढतो, ती पाण्यात पडतात; याला पल्लवी झेल म्हणते. दुसऱ्या दिवशी ती मोजायची, ओळखायची आणि त्यांच्यातही तो विषाणू आहे का ते शोधायचं. दिवेलागणीला तो दिवा लागला आणि शेवग्याची बारीक पानं जांभळी झाली, खालचं शेण जांभळं झालं, पल्लवीचे हात जांभळे झाले. मी ओट्यावर सतरंजीवर पडून बघत राहिले. कालव्याचा आवाज येत होता, की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही. पलंग नव्हता ते खरंच होतं, पण झोप लागल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

मंगळवार

आता तुमच्या आजीने काय केलं ते ऐका.

मी उजाडायच्या आत उठते, हे तुम्हाला माहीत आहे. उठले, तोंड धुतलं, ओट्याच्या पायरीवर एक भांडं दिसलं. गढूळ पाणी, त्यावर मिरपुडीसारखा काळा थर. परक्याच्या घरी दोन दिवस राहायचं तर हाताला काम हवं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते पाणी उसाच्या कडेला ओतलं, भांडं राखेने लख्ख घासलं, विसळलं आणि उन्हं येतील तिथे पालथं घातलं. मग शेजारची दोन तपेलीही घासली.

पल्लवी डोळे चोळत बाहेर आली. तिने पायरीकडे पाहिलं, मग पालथ्या भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी," ती हळूच म्हणाली, "त्यात चिलटं होते न."

"ती मिरपूड?"

"हो. एवढेच असतात ते."

मी ओट्यावर खाली बसले. पल्लवी पहाटे सापळा काढून, भांडं पायरीवर ठेवून, पुन्हा जरा आडवी झाली होती. कौसल्याबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"काय वो बाई, पुन्यात घासायला भांडी कमी पडत्यात व्हय?"

पल्लवीने वही माझ्यासमोर ठेवली. "लिहा आजी. सोमवारचा झेल नाही. कारण, भांडं घासलं."

"कुणी घासलं ते लिहू?"

"अक्षरावरून समजते न."

तिने एवढंच बोलून विषय संपवला, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. दिवसभर मी कशालाही हात लावला नाही. कौसल्याबाईंनी मला शेंगा निवडायला बसवलं आणि मधून मधून येऊन बघून गेल्या की मी त्या धुतल्या तर नाहीत ना.

संध्याकाळी रूपाली धारेला बसली. दूध काढण्याचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून सांगते. पहिल्या धारा रिकाम्या चरवीत पडतात तेव्हा टणत्कार होतो. दूध भरत जातं तसा आवाज खोल होतो, मग फेसात बुडून मऊ होतो. मी डोळे मिटून त्याची वाट बघत होते. त्या संध्याकाळी आवाज टणटणतच राहिला आणि मग थांबला.

"आत्या," रूपाली म्हणाली, "चांदनी पान्हा सोडंना."

कौसल्याबाईंनी नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता. पल्लवी धावली. थर्मामीटर लावला, पारा एकशे पाचच्या वर. चांदणीची कातडी वाऱ्याने पाणी हलावं तशी थरथरत होती. पल्लवीच्या हातात सुई आणि नळी होती, आणि तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मावशी, एक नळी रक्त घेते."

"दिवा लागलाय," कौसल्याबाई म्हणाल्या.

"दोन चमचेच, मावशी. तिला समजणारही नाही."

"तिला कळू न्हाई तर न कळू. दिवा लागल्यावर ह्या गोठ्यातलं काय बी कुंपनाभाईर जात न्हाई. दूध न्हाई, इरजन न्हाई, गवरी बी न्हाई. माझ्या सासूनं दिलं न्हाई, मी देत न्हाई. रगत तर लांबच ऱ्हायलं. औषध टोच, त्याला ना न्हाई. ते आत येतंय."

"आता घेऊन इथेच ठेवते मग. सकाळी नेईन."

"काढलं म्हंजी गेलंच की."

मी मध्ये पडले. "कौसल्याबाई, ताप काही दिवा बघून चढत नाही."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी दिवा लागल्यावर शेजारनीला मीठ देता का?"

मुलांनो, मी देत नाही. माझी आई देत नसे. मी इंग्रजी शाळेत शिकले, सगळं आयुष्य पुस्तकांत काढलं, आणि मागच्याच महिन्यात समोरच्या फ्लॅटमधली मुलगी संध्याकाळी सातला विरजण मागायला आली तेव्हा मी तिला संपलंय म्हणून सांगितलं. फ्रिजमध्ये वाटीभर होतं. का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पल्लवीने हट्ट केला नाही. गोठा त्यांचा होता. तिने चांदणीला तापाचं इंजेक्शन दिलं, सुई परत डब्यात ठेवली, सापळा लावला आणि शेवग्याखाली बसून राहिली. जांभळ्या उजेडात ती खूप लहान दिसत होती.

बुधवार

उजाडता उजाडता कौसल्याबाई स्वतःच म्हणाल्या, "घे आता रगत." पल्लवीने आधी थर्मामीटर लावला. ताप उतरला होता. रक्त तिने घेतलं, पण मला म्हणाली, "लिहा, उतरता ताप." मी लिहिलं. ते दोन शब्द मी जितके नीट लिहिले तितके वाईट दिसायला लागले.

सापळ्यातला झेल मात्र या वेळी शाबूत होता. पल्लवीने भिंगाखाली मला एक चिलट दाखवलं. त्याच्या पंखांवर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी होती, जुन्या चंद्रकळेच्या पदरासारखी. इतकी कलाकुसर इतक्या छोट्या वस्त्रावर, आणि ती मी काल उसाच्या मुळाशी ओतून आले होते.

दुपारी चांदणी बसली आणि उठेना. हे होणार हे पल्लवीने सांगितलं होतं, तरी गोठ्यात मोठी गाय अशी मान टाकून पडलेली बघवत नव्हती. पल्लवी आणि रूपालीने तिच्या अंगाखाली उसाचं पाचट आणि पोती सारली, तिला छातीवर बसती केली आणि दर थोड्या वेळाने कूस बदलायला लागल्या. दोघींचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते.

एवढ्यात शेजारचे अण्णा आले. त्यांचीच गाय आधी आजारी पडून बरी झाली होती, त्यामुळे ते आता जाणकार झाले होते. त्यांच्या हातात बाटली होती, तेल आणि हळदीचा काढा. "वर धरा मान," ते म्हणाले, "वतू घशात."

पल्लवी उठून बाटली आणि गाय यांच्यामध्ये उभी राहिली. "नाही न काका. तिव्यात घसा ढिला पडते. पाजलेलं पोटात नाही जात, फुप्फुसात जाते. ताप तीन दिवसांत जाईल, पण पाजलेलं औषध तिला मारून टाकेल."

"माझ्या गाईला पाजलं व्हतं की मी. उठली न्हवं का?"

"नशीब तिचं."

अण्णांनी कौसल्याबाईंकडे पाहिलं. गाय त्यांची होती. त्यांनी पल्लवीच्या शेणाने माखलेल्या हातांकडे पाहिलं, मग अण्णांच्या स्वच्छ धोतराकडे. "अन्ना," त्या म्हणाल्या, "च्या घेऊन जावा." आणि बाटली धरलेला त्यांचा हात हळूच मागे सारला.

त्या दिवशी जेवायला हुलग्याचं माडगं होतं. कुळथाचं पीठ, ताक, लसूण. आजारी माणसाला देतात. आजारी गाय होती, पण प्यालो आम्ही. आमच्या पंक्तीत आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, असं पानाचं व्याकरण असतं. इथे एकच वाटी होती, आणि तिच्यात सगळं होतं. बाहेर ऊन आणि पाऊस एकाच वेळी चालू होते. चांदणीच्या शेजारी मैना रवंथ करत उभी होती. तिच्या पाठीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि प्रत्येक थेंबात थोडं थोडं ऊन होतं. मला वाटलं, मी हे सगळं कालव्याच्या पाण्यातून बघते आहे.

"म्हशीला होईल का हा ताप?" मी विचारलं.

"म्हशीला तिवा होत न्हाई," कौसल्याबाई म्हणाल्या.

पल्लवी वाटीत बघत म्हणाली, "होते मावशी. ती सांगत नाही फक्त."

गुरुवार

सकाळी चांदणी उभी होती. कुणी तिला उठताना पाहिलं नाही. आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा ती कालवडीचा कान चाटत होती. कौसल्याबाई तिच्याजवळ गेल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटीपर्यंत नेला आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने पल्लवीला दुधाची साय आणि भाकरी मिळाली. मला नुसती भाकरी.

पण पल्लवीचं मन तिथे नव्हतं. रक्ताच्या नळ्या ठेवायच्या पेटीतला बर्फ संपत आला होता, शुक्रवारी सकाळी निघणं भाग होतं, आणि पेटीत फक्त उतरत्या तापाची नळी होती. दुपारी ती सामान बांधू लागली. "आजी," ती म्हणाली, "बाई सांगतील तो दुसरा विषय घेईन. जंतांवर काम करणारे कमीच आहेत." तिने ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला उठून दुसरीकडे जावंसं वाटलं.

उन्हं कलली. पल्लवीने शेवटचा म्हणून सापळा लावला. आभाळ स्वच्छ होतं, उसाच्या शेंड्यांवर तांबूस उजेड होता आणि वारा पडला होता. रूपाली मैनेपुढे आंबोण ठेवून धारेला बसली. आंबोण म्हणजे भिजवलेली पेंड आणि भुसा. ते खाता खाता म्हैस दूध देते. मी ओट्यावर होते. टण, टण, टण, आणि मग काहीच नाही.

"आत्या." रूपालीचा आवाज चढला नव्हता. "मैनेनं आंबोनाला तोंड लावलं न्हाई."

कौसल्याबाई घरातून येत होत्या. हातात निरांजन, त्यात तेलवात, दुसऱ्या हातात काड्यापेटी. त्या अंगणाच्या मधोमध थांबल्या. पल्लवी थर्मामीटर घेऊन मैनेपाशी गेली होती. ती वळली, आणि तिने आकडा सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. तिने सुईलाही हात लावला नाही. ती फक्त कौसल्याबाईंच्या हातातल्या निरांजनाकडे बघत उभी राहिली.

सूर्य उसाच्या मागे गेला होता. अण्णांच्या घरातला दिवा लागला. लांबच्या वस्तीवरचे दोन लागले. रूपाली सवयीने गोठ्यातल्या बटणाकडे गेली.

"बटन दाबू नगंस," कौसल्याबाई म्हणाल्या.

रूपालीचा हात वरच राहिला.

कौसल्याबाईंनी काड्यापेटी कमरेला खोचली. निरांजन तसंच, न पेटवता, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी बसल्या. "माझ्या घरात अजून दिवा लागला न्हाई," त्या म्हणाल्या. "दिवस हाय अजून. उरका."

पल्लवीने सुई काढली. मग तिने सापळ्याच्या जांभळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "तो विझवू, मावशी?"

"ऱ्हाऊ दे. त्यो किड्यांचा हाय."

पल्लवीचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला होता, उजेडासाठी. तिने तो रिकामाच बाहेर काढला. मिळाली तेवढी सूट पुरे, असं तिने ठरवलं असावं. रूपालीने मैनेची वेसण धरली. मला म्हणाली, "आजी, तुमी मानंवर हात ठेवा, तिला बरं वाटतंय." मी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हशीला हात लावला. ऊन दिवसभर खाल्लेल्या कातळासारखी ती तापली होती, आणि त्या कातळाच्या आत खोल कुठेतरी थरथर चालू होती. अंधार वाढत होता. मैना त्यात विरघळत चालली होती. आता तिचे डोळेही दिसत नव्हते, फक्त माझ्या तळव्याखालची ती उष्ण, जिवंत जागा उरली होती. पल्लवीची बोटं माझ्या हाताच्या बाजूने सरकली. ती शीर शोधत होती. म्हशीची कातडी जाड, शीर खोल, आणि दिसत काहीच नव्हतं.

"इथे आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "नाही. खाली. थांब माय, थांब."

आजूबाजूच्या सगळ्या घरांत संध्याकाळ झाली होती. फक्त या एका अंगणात ती दाराबाहेर उभी होती, आणि तुळशीपाशी बसलेली एक बाई तिला आत येऊ देत नव्हती.

मग नळीत रक्त उतरल्याचा आवाज आला असं म्हणता येणार नाही, पण पल्लवीचा खांदा सैल पडल्याचं मला जाणवलं. "आलं," ती म्हणाली. एक नळी, मग दुसरी. तिने त्या हळूच उलटसुलट केल्या आणि पेटीत, उरलेल्या बर्फात ठेवल्या.

"आता कुंपनाभाईर न्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "मग लावते."

पल्लवीला मैनेला तापाचं इंजेक्शन द्यायचं होतं. पेटी मी उचलली. पायाखालचं दिसत नव्हतं. चिखलात चप्पल अडकली, ती तिथेच सोडून मी फाटकाबाहेर गेले आणि कालव्याच्या कडेला उभी राहिले. एका पायात चप्पल, छातीशी म्हशीचं रक्त. पाणी जवळजवळ दिसत नव्हतं, फक्त वाहत होतं. मी मागे वळून पाहिलं. घर पूर्ण काळं होतं. मग तुळशीपाशी एक थेंबाएवढी ज्योत उभी राहिली, ओट्यावरचा दिवा लागला, गोठ्यातला लागला, आणि मैना पुन्हा मैनेच्या आकाराची झाली.

एक गोष्ट आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती. पेटी बाहेर गेली ती गेली. आता तिला परत आत आणता येत नव्हतं, आणि मला तिला रस्त्यावर सोडता येत नव्हतं. "मग जावा की आत्ताच," कौसल्याबाई फाटकाच्या आतून म्हणाल्या. "ऱ्हायलंय काय?" पल्लवीलाही ते पटलं, रक्त जितकं लवकर पोचेल तितकं बरं. कौसल्याबाईंनी माझी चप्पल धुऊन आणली. "घासली न्हाई," त्या म्हणाल्या, "नुसती धुतली." रूपालीने ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही चौघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. त्या दोघी आत, आम्ही दोघी बाहेर. शुक्रवारी मैनेला बघायला येते, असं पल्लवीने सांगितलं, आणि ती गेलीही. मैना तोपर्यंत आंबोण खात होती.

पुणे

हडपसरच्या दिव्यांतून जाताना पेटी माझ्या मांडीवर होती. इतके दिवे, आणि प्रत्येकाच्या उजेडात मला वाटत होतं की आम्ही काहीतरी दिवस असताना घेतलेलं घेऊन चाललो आहोत. प्रयोगशाळेत एक मुलगी थांबली होती. तिने नळ्या घेतल्या, आणि आम्ही घरी येऊन खिचडी खाल्ली.

त्यानंतर बरेच दिवस पल्लवी संध्याकाळी उशिरा येई आणि काही सांगत नसे. मीही विचारत नसे. तिथे काचेच्या बाटल्यांत पेशी वाढवतात आणि त्यांना ते रक्त देतात. विषाणू जिवंत असला तर पेशी हळूहळू गोल होऊन सुटतात. चांदणीच्या रक्ताने काही झालं नाही. मग एका दुपारी ती लवकर घरी आली, चपला न काढताच स्वयंपाकघरापर्यंत आली. चपलांवरून मी तिला रागावले नाही.

"मैनेचा वाढला, आजी," ती म्हणाली. "बाईंनी स्वतः पाहिलं. विषय तोच राहते म्हणाल्या."

मी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. मग तिने लोणीला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मोबाइल टेबलावर ठेवला. कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आनंद झाला का, ते त्यांच्या आवाजावरून कळेना.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "इथं मला त्या दिसापासनं कुनी सोडलं न्हाई. अंधारातलं घर बघून अन्नाची बायको आली, वरच्या आळीच्या दोघी आल्या. घरात कोन गेलं का, म्हनून इचारायला."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. दिवेलागणीला घर अंधारात राहणं म्हणजे गावात काय समजतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या तरी तशाच बसून राहिल्या होत्या.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं की, घरातली मानसं समदी हायेत. थोडं रगत तेवढं गेलं, ते बी दिवसाउजेडी."